शंभर वॅटचा टॉर्च आणि अर्धा लिटर पाणी

शंभर वॅटचा एलईडी आज सहज मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, कुठूनही आणला तरी हातात येते ती पाच-साडेपाच सेंटिमीटरची सपाट धातूची पट्टी. तिच्या मधोमध दोन-अडीच सेंटिमीटरचा पिवळा चौकोन असतो. त्या पिवळ्या थराखाली दहा ओळींत दहा अशा १०० बारीक चिप्स बसवलेल्या असतात. ३० ते ३४ व्होल्ट आणि ३ अँपिअर दिले की डोळे दिपवणारा उजेड पडतो. पण मागे काहीही न लावता तो तसाच उघडा पेटवला, तर काही सेकंदांत पिवळा थर करपायला लागतो आणि एलईडी कायमचा जातो.

या एलईडीचा टॉर्च बनवणाऱ्यांचं बहुतेक लक्ष उजेडाकडे असतं. उजेड मात्र विकतच मिळालेला आहे. आपल्याला खरं काम करायचं आहे ते मागे साठणाऱ्या उष्णतेला वाट करून देण्याचं. मला हा उद्योग मनापासून आवडतो तो त्यामुळेच. शाळेत नुसती पाठ केलेली विशिष्ट उष्णता इथे हाताला लागते, मोजता येते आणि तिच्या हिशोबावरच टॉर्च टिकतो की जळतो हे ठरतं.

उष्णतेचा हिशोब

तारेचा जुना बल्ब स्वतः अडीच हजार अंशांच्या आसपास तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने काचेतून समोर निघून जाते. एलईडीचं तसं नाही. त्यातली चिप मुळात निळा प्रकाश देते. असा कार्यक्षम निळा एलईडी घडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यातला काही भाग पिवळा थर शोषून पिवळा करतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. या उजेडात अवरक्त भाग जवळजवळ नसतोच. म्हणून निर्माण झालेली सगळी उष्णता पाठीमागच्या धातूतूनच बाहेर पडायला हवी, तिला दुसरी वाट नाही.

स्वस्तातल्या शंभर वॅटच्या एलईडीत विजेचा साधारण ३० टक्के भाग उजेड होतो, उरलेला ७० टक्के उष्णता. माझा आग्रह असा की शंभर वॅटचा एलईडी शंभर वॅटवर चालवूच नका. २.२ अँपिअरवर, म्हणजे सुमारे ७० वॅटवर चालवा. उजेडातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही, पण उष्णता ७० वॅटवरून ५० वॅटवर येते आणि एलईडीचं आयुष्य पुष्कळ वाढतं. तरीही हाती साधारण ६००० लुमेन राहतात. गाडीच्या हॅलोजन एच-४ दिव्याचा अप्पर सुमारे १६५० लुमेनचा असतो, त्यावरून अंदाज करा.

आता पाणी. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ ज्यूल लागतात. अर्धा लिटर पाण्यात ५० वॅट उष्णता सोडली, तर ते मिनिटाला जवळजवळ दीड अंशाने तापतं. तीस अंशांचं पाणी वीस मिनिटांत साठीच्या घरात पोचतं. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते फक्त तिला उचलून दुसरीकडे नेतं. तिथे रेडिएटर आणि पंखा नसेल, तर तुम्ही टॉर्च नाही, हळू तापणारा गीझर बनवला आहे. पंखा लावलेला १२० मिलिमीटरचा साधा रेडिएटर ५० वॅट सहज हवेत सोडतो आणि पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांच्या आतच जास्त राहतं. अकोल्याच्या मे महिन्यातल्या ४४ अंशांतसुद्धा पाणी ५४ च्या वर जायला नको.

बर्फ टाकू का, पेल्टिअर (विजेवर एक बाजू थंड करणारी चकती) लावू का, हे प्रश्न नेहमी येतात. दोन्ही नको. पेल्टिअर स्वतःच भरपूर वीज खातो आणि तीही उष्णता रेडिएटरवरच येऊन पडते. शिवाय पाणी हवेपेक्षा थंड झालं की एलईडीमागच्या, आतून पाणी वाहणाऱ्या ब्लॉकवर दव धरतं आणि ते थेंब एलईडीच्या टोकांवर उतरतात. साध्या रेडिएटरमध्ये पाणी हवेहून थंड होऊच शकत नाही, म्हणून कोकणातल्या पावसाळी हवेतही ती भीती नाही.

पाणी खरंच हवं का?

हा प्रश्न खरेदीच्या आधी स्वतःला विचारा. टॉर्च एकसंध हवा असेल, एका हातात धरायचा असेल, तर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसणारा हीट पाइपचा चांगला कूलर हे काम पाण्याशिवाय करतो. त्यात गळती नाही, पंप नाही. पाण्याला अर्थ येतो तो उष्णता एका जागेहून दुसरीकडे न्यायची असेल तेव्हा. हातात हलकं, छोटं डोकं आणि खांद्याला अडकवलेल्या पेटीत रेडिएटर, पंखा, बॅटरी, पंप अशी मांडणी केली, तर विहिरीच्या काठावर वाकून तळ बघताना किंवा घाटात उतरलेल्या माणसाला वरून उजेड देताना मनगट अवघडत नाही. पुढचं सगळं वर्णन याच मांडणीचं आहे. तिचा आणखी एक फायदा म्हणजे डोकं कसंही फिरवलं तरी पेटी उभीच राहते, त्यामुळे पंपात हवा शिरत नाही.

ज्यांना नळ्यांची जोडाजोड नकोच, त्यांनी प्रोसेसरसाठीचा सीलबंद लिक्विड कूलर पाहावा. वापरलेलाही चालतो, फक्त विकत घेण्याआधी १२ व्होल्टवर लावून पंपाची थरथर हाताला जाणवते ना, हे बघा. त्याच्या तांब्याच्या तळव्यावर हा एलईडी छान मावतो. मात्र त्याच्या नळ्या हातभरच असतात, त्यामुळे सगळं एकाच सांगाड्यावर बसवावं लागतं.

एलईडी घेताना एक गोष्ट पक्की तपासा. असाच दिसणारा, पण थेट २२० व्होल्टवर चालणारा एलईडीही बाजारात मिळतो. ड्रायव्हरचे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे, भाग त्याच्या पट्टीवरच बसवलेले असतात. तो या कामाला अजिबात घेऊ नका. घरच्या विजेला सरळ जोडलेली वस्तू पाण्याच्या नळीला लावून हातात धरणं जिवावर बेतू शकतं. आपल्याला ३०-३४ व्होल्ट डीसी लिहिलेलाच हवा. घरी आणल्यावर मल्टिमीटरने त्याचा पाया आणि दोन्ही टोकं यांच्यात जोड नाही, याचीही खात्री करा.

एलईडी आणि ब्लॉक यांची गाठ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वॉटर ब्लॉक म्हणजे आत पाण्याचे वळणदार मार्ग असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. ४० बाय ८० मिलिमीटरचा घ्या, ४० बाय ४० चा अपुरा पडतो. वरवर दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत वाटतात, पण एकमेकांवर ठेवले की ते थोड्याच ठिकाणी टेकतात. उरलेल्या फटींत हवा असते. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगलं उष्णतावाहक आहे. म्हणजे केसाएवढी फटही एवढ्याशा जागेत शेकडो अंशांचा फरक पाडू शकते. मग मागून कितीही गार पाणी खेळवा, एलईडीपर्यंत त्याचा गारवा पोचत नाही.

जाड काच टेबलावर ठेवा, तिच्यावर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पसरा. ब्लॉकच्या पृष्ठभागावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि ओल्या पेपरवर ब्लॉक हलक्या हाताने, आठच्या आकारात घासा. जिथली शाई उरली तिथे खळगा आहे. सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा, मग ८०० नंबरचा पेपर फिरवा. एलईडीचा पायाही तसाच तपासा, पण त्याला जपून, पिवळ्या चौकोनावर अंगठ्याचा दाब न देता. आरशासारखी चकाकी नको, सपाटी हवी.

तारांना डाग आधीच द्या. एलईडी एकदा ब्लॉकवर बसला की सोल्डरिंग गनची उष्णता ब्लॉक ओढून घेतो आणि डाग थंड, कच्चा राहतो. मग मध्यभागी हरभऱ्याएवढी थर्मल पेस्ट ठेवून एलईडी दाबा आणि लगेच उचलून बघा. पेस्ट पिवळ्या चौकोनाच्या मागच्या सगळ्या भागात पातळ पसरली असेल तर ठीक. जाड थर म्हणजे जास्त गारवा, ही समजूत चुकीची आहे. पेस्ट फक्त फटी भरण्यापुरती असते, ती धातूच्या तुलनेत वाईटच वाहक आहे.

ब्लॉकला भोक पाडायचं नाही, आत पाणी आहे. एलईडीच्या चार कोपऱ्यांची भोकं ब्लॉकच्या ४० मिलिमीटर रुंदीच्या बाहेर येत असतील, तर ब्लॉकच्या मागे ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा आणि एम-३ चे लांब स्क्रू ब्लॉकच्या बाजूने मागच्या पट्टीत नेऊन आवळा. भोकं आत येत असतील, तर पुढून लेन्सच्या कड्यावरून पट्टी टाकून तसाच शिकंजा करा. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घाला, म्हणजे टोकांना धातू लागणार नाही. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत या. एकच कोपरा आधी पिळला तर पाया वाकतो आणि घासण्याची सगळी मेहनत वाया जाते.

पाण्याचा फेरा

१२ व्होल्टचा छोटा ब्रशलेस पंप घ्या, ताशी २४० लिटरचा, चार-पाच वॅट खाणारा. नळ्यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी पाणी फिरेल, आणि तेवढं पुरे आहे. मिनिटाला दीड लिटर पाणी ब्लॉकमधून गेलं तर आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो. म्हणून मोठ्या पंपावर पैसे घालवू नका, ते रेडिएटर आणि पंख्यावर घाला.

पंप पाण्यात बुडवून चालवण्याचाच असतो. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बाटली पेटीत उभी बसवा आणि पंप तिच्या तळाशी ठेवा. झाकणाला रबरी ग्रॉमेट लावून पंपाची नळी, तार आणि परतीची नळी आत घ्या. परतीच्या नळीचं तोंड पाण्याखाली असू द्या, नाहीतर फेस होतो आणि बुडबुडे फिरत राहतात. पंपापासून पाणी हातातल्या ब्लॉकमध्ये, तिथून रेडिएटरमध्ये आणि मग बाटलीत. बाटली काठोकाठ भरू नका. खोलीच्या तापमानापासून ६५ अंशांपर्यंत पाणी सुमारे पावणेदोन टक्के फुगतं, त्याला जागा हवी.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर रेडिएटरही ॲल्युमिनियमचाच घ्या. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि काही महिन्यांत बारीक छिद्रं पडतात. एलईडीचा पाया तांब्याचा असला तरी तो पाण्याला लागत नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार ब्लॉकच्या अरुंद मार्गांत बसतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गाडीचं कूलंट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, एवढं पुरतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नसली तरी गंजरोधक त्यात असतो, म्हणून कूलंट घालायचंच. त्यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. मुलं, कुत्री, मांजरं यांच्यापासून ते दूर ठेवा आणि सांडलेलं लगेच पुसा.

सिलिकॉनची नळी ब्लॉकच्या तोंडावर जोर लावूनच चढली पाहिजे. प्रत्येक सांध्यावर होज क्लिप लावा. केबल टायवर भागवायचं असेल तर दोन, एकमेकांविरुद्ध दिशेने आवळलेले. सांध्यावर एम-सील थापू नका, गळती झाली तर सांधा सोडवता आला पाहिजे.

वीज

बॅटरीसाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाजूने आहे. ३२७०० मापाचे ६ अँपिअर-तासांचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट आणि सुमारे ७७ वॅट-तास मिळतात. लॅपटॉपच्या भंगारातल्या सेलपेक्षा हे वजनाला जड, पण स्वभावाने शांत आहेत. दुखापत झाली तरी सहज पेट घेत नाहीत. पॅक दुकानातून स्पॉट वेल्डिंग करून, बीएमएससह (सेलची राखण करणाऱ्या सर्किटसह) बांधून घ्या. सेलवर घरी डाग देऊ नका. चार्जर १४.६ व्होल्टचा, याच प्रकारच्या बॅटरीसाठीचा हवा. ड्रायव्हरमधली तूट, पंप आणि पंखा धरून एकूण खर्च ८५ वॅटच्या आसपास जातो, म्हणजे पाऊण तास निर्धास्त उजेड. यूपीएसची ७ अँपिअर-तासांची लेड ॲसिड बॅटरी टेबलावरच्या चाचणीला चालेल. खांद्यावर ती जड होते आणि एवढ्या करंटला तिची पूर्ण क्षमता मिळत नाही.

१२.८ चे ३१-३२ व्होल्ट करायला बूस्ट कन्व्हर्टर लागतो, तोच आपला ड्रायव्हर, आणि त्यावर करंट ठरवण्याचा वेगळा स्क्रू असलाच पाहिजे. नुसता व्होल्टेजचा स्क्रू असलेला स्वस्त कन्व्हर्टर एलईडी मारतो. कारण असं की एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज कमी होतं. व्होल्टेज तेच ठेवलं तर करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो, आणि हे चक्र तो जळेपर्यंत थांबत नाही. करंट बांधून ठेवला की चक्र सुरूच होत नाही.

लावण्याची रीत अशी. एलईडी न जोडता व्होल्टेज ३३ वर आणा. करंटचा स्क्रू पूर्ण खाली करा. ब्लॉकमध्ये पाणी फिरू लागल्यावर, डोकं भिंतीकडे वळवून, मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून मधे घाला आणि मगच एलईडी जोडा. करंट हळूहळू २.२ वर आणा. पुढच्या सगळ्या चाचण्या झाल्या की तो पुन्हा २.२ वर आणून स्क्रू लाखेने बंद करा.

बॅटरीच्या धन टोकाला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज हवा. कन्व्हर्टरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तार, तिथून डोक्यापर्यंत ०.७५ ची पुरते. पंप बंद पडला तर काय, याची सोय मात्र टाळू नका. गाडीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा हॉर्न रिले कन्व्हर्टरच्या आधी लावा. त्याच्या कॉइलच्या वाटेत ६५ अंशांना उघडणारा केएसडी-३०१ जातीचा थर्मल कटऑफ घाला आणि तो कटऑफ एलईडीला खेटून, ब्लॉकच्या उघड्या राहिलेल्या भागावर घट्ट दाबून बसवा. कॉइलवर १-एन-४००७ डायोड उलटा टाका. पंप आणि पंखा रिलेच्या अलीकडे, थेट स्विचवर जोडा, म्हणजे दिवा कापला गेला तरी गारवा चालू राहील.

पेटी प्लायवूडची किंवा प्लास्टिकची, कशीही करा. मधे उभा पडदा टाकून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला वीज ठेवा, पाण्याच्या बाजूला तळाशी दोन भोकं ठेवा, आणि रेडिएटरची गरम हवा बाहेर फेकली जाईल अशी जाळी द्या. पंख्याने तीच गरम हवा पुन्हा ओढली तर सगळा हिशोब बिघडतो.

लेन्सकडून अवास्तव अपेक्षा नको. ४४ मिलिमीटरची काचेची लेन्स आणि तिचं कडं शंभर वॅटच्या एलईडीसाठी तयार मिळतं, ते रुंद, सपाट उजेड देतं. झोत किती अरुंद होईल हे उजेडाच्या चौकोनाचं माप आणि लेन्सचं नाभीय अंतर यांवर ठरतं. २० मिलिमीटरचा चौकोन आणि १०० मिलिमीटरचं अंतर असेल तर झोत साधारण साडेअकरा अंशांचा होतो, त्याहून बारीक नाही. समोरच्या डोंगरावर ठिपका पाडायचा असेल तर लहान चिपचा एलईडी लागतो, तो वेगळा प्रकल्प आहे. हा टॉर्च अख्खं आवार उजळण्यासाठी आहे.

चाचणी आणि वापर

पहिला दिवस दिवा न लावता. बॅटरी बाहेर काढून ठेवा, पंप वेगळ्या अडॅप्टरवर चालवा आणि सगळ्या सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरा. कागदावर एक डाग जरी दिसला तरी तो सांधा पुन्हा करा. मग अर्ध्या अँपिअरवर दिवा लावून दहा मिनिटं थांबा, एक अँपिअर, पुन्हा दहा मिनिटं, आणि शेवटी २.२ वर अर्धा तास. दर पाच मिनिटांनी हवेचं, पाण्याचं आणि ब्लॉकचं तापमान लिहून ठेवा. पाणी गार आणि ब्लॉकही गार, पण एलईडीच्या पायाची कड चटका देते, असं झालं तर दोष पेस्टमध्ये किंवा आवळण्यात आहे. पाणीच तापत चाललं असेल तर रेडिएटरमध्ये हवा अडकली आहे किंवा पंखा उलटा बसला आहे. या आकड्यांवरून बहुतेक दोष शोधता येतात. शेवटी एक अँपिअरवर पंपाची तार मुद्दाम काढा आणि कटऑफ दिवा बंद करतो का, हे समोर उभं राहून पाहा. तो करत नसेल तर टॉर्च अजून तयार झालेला नाही.

पेटलेल्या एलईडीकडे थेट बघू नका, मुलांना बघू देऊ नका. रस्त्यावरच्या वाहनांवर, रेल्वेवर, विमानाच्या दिशेने हा उजेड टाकू नका. समोरचा चालक काही क्षण आंधळा होतो. जंगलात प्राणी बघायला हा टॉर्च नेऊ नका, रात्री वावरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांना हा उजेड सोसत नाही. लेन्सच्या अगदी जवळ काळं कापड किंवा कागद धरला तर तो तापून करपू शकतो, म्हणून चालू टॉर्च पालथा ठेवायचा नाही.

पाणी वर्षातून एकदा बदला, गढूळ किंवा पांढरट दिसलं तर आधीच. रेडिएटरच्या पात्यांतली धूळ मऊ ब्रशने काढत राहा. टॉर्च बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, फ्यूज काढून पेटीतच चिकटवून ठेवा, आणि महिन्यातून एकदा पंप पाच मिनिटं फिरवा, म्हणजे त्याचा रोटर अडकणार नाही.